कुपवाडकडची जुन्या लाकडाची वखार: फळ्या घ्या, तयार बर्ड फीडर घेऊ नका

सांगलीत बर्ड फीडर करायला जुनं लाकूड कुठं मिळतंय असं मला आत्तापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. कुपवाड एमआयडीसीच्या अलीकडं एक वखार आहे, पाटी वगैरे काही नाही, बाहेर पॅलेटची उंच थप्पी आणि एक मोडकं दार टेकवून ठेवलेलं असतंय तीच. सगळे मामांची वखार म्हणतात. लाकूड चांगलं, दर बरा, कापून देणं तर एक नंबर. पण तिथंच दारात जे रंगीबेरंगी तयार फीडर टांगलेत ना ते अजिबात घेऊ नका, का ते सांगतेच पुढं.

आधी माल. सगळ्यात जास्त आहे ते पॅलेटचं पाइन, कारखान्यात मशीनचे पार्ट येतात त्याच्याखालचं. फळी साधारण पाऊण इंच जाड आणि चार इंच रुंद, वजनाला हलकी, घरच्या करवतीनं पण कापते, फीडरला याच्याहून चांगलं काही लागत नाही खरं तर. दुसरं म्हणजे काश्मीरच्या सफरचंदाच्या पेट्या, फळ मार्केटातनं येतात, त्यांची फळी फार पातळ, तिचा अख्खा फीडर केला तर एक पावसाळा पण काढायचा नाही, पण कडेच्या पट्ट्यांना झकास आणि मामा ती जवळजवळ फुकटच देतात. आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वाड्यांचं सागवान, दारं खिडक्या तुळया सगळं. २०१९ च्या पुरानंतर गावभागातले कितीतरी जुने वाडे उतरवले, त्यातलं काही अजून इथं पडून आहे म्हणे.

आता त्या सागवानाकडं बघून कुणाचाही जीव जाईल, माझाही गेला, पण फीडरसाठी रंग दिलेली जुनी दारं घेऊ नका. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीच्या त्या हिरव्या निळ्या ऑइलपेंटात किती शिसं असेल ते कुणी सांगावं. ते पॉलिश पेपरनं घासायला लागलात की धूळ तुमच्या नाकात आणि उरलेली पोपडी दाण्यात. बिनरंगाची तुळई कापून घेतली तर ठीक, पण ती महाग, घनफुटावर देतात, आणि सागवानाचा फीडर इतका जड होतोय की लटकवायला फांदी पण तशीच दणकट बघायला लागते. पाइनच घ्या.

पाइन घेताना शिक्का बघायचा. हे मला मामांनीच सांगितलं आणि यासाठी त्यांना पैकीच्या पैकी मार्क. पहिल्यांदा गेले तेव्हा सुरुवात जरा वेगळीच झाली होती, "ताई, मिस्त्रीला पाठवून द्या की, तुम्हाला काय कळायचं यातलं" असं म्हणाले. मी म्हटलं मामा मिस्त्री मीच आहे, ड्रिल घरी आहे, तुम्ही फळी दाखवा. मग हसले आणि थप्पीतनं एक पॅलेट ओढून त्याच्या ठोकळ्यावरचा भाजलेला शिक्का दाखवला. परदेशातनं येणाऱ्या जाणाऱ्या लाकडी पॅकिंगवर हा शिक्का लागतोच, एका चौकटीत गव्हाच्या लोंबीचं चित्र असतंय, शेजारी देशाची दोन अक्षरं, मग नंबर, आणि शेवटी एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि तेही सलग ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. वायू उडून जातोय असं म्हणतात, पण ज्यावर पाखरं खाणार त्याला एचटीच घ्यावं, थप्पीत एचटीचा माल भरपूर असतोय, मग दुसरं कशाला. शिक्का फळीवर नसतोय, ठोकळ्यावर असतोय, म्हणून अख्खं पॅलेट बघून मग "याच्या फळ्या काढा" असं सांगायचं, सुट्या फळ्यांच्या ढिगातनं उचलू नका.

बिनशिक्क्याची लोकल पॅलेट पण असतात, ती वाईटच असं नाही, पण हुंगून बघा. एमआयडीसीचा माल आहे, कशावर काय सांडलंय देव जाणे. तेलकट काळा डाग नाहीतर केमिकलचा वास आला की बाजूला. एका फळीवर पिवळाजर्द डाग होता, मी घाबरले, मामा म्हणाले हळद आहे हो ताई ती, सांगलीत राहून हळद ओळखंना व्हय. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर घुण आहे, तीही नको.

खिळ्यांचं मात्र सांगून ठेवा. पॅलेटचे खिळे आट्याचे असतात, ते सरळ उपटून येत नाहीत, आणि तिथला पोरगा पहार घालून दणादण फळ्या उचकटतोय, त्यात निम्म्या टोकाला चिरतात, आणि चिरलेली फळीसुद्धा किलोवर तुमच्याच गळ्यात. त्याला गोडीत सांगायचं की बाबा फळी आणि ठोकळ्याच्या मधनं ब्लेड घालून खिळेच काप. करतोय तो, थोडा वेळ लागतोय आणि वीसेक रुपये चहाला द्यावे लागतात, पण फळ्या अख्ख्या मिळतात. खिळ्याचे तुकडे लाकडात राहतात ते राहू देत, फक्त त्या जागेवर करवत किंवा ड्रिल चालवू नका.

दर मला ३० रुपये किलो लागला. खाली देतेय त्या मापाच्या फीडरला तीन सव्वातीन किलो लाकूड जातंय, म्हणजे शंभराच्या आत. मशीनवर कापून द्यायचे ४० रुपये, कितीही तुकडे असले तरी, फक्त मापाची चिठ्ठी लिहून न्या. तोंडी सांगितलं तर "नऊ की दहा" असं दर दोन मिनिटांनी ओरडून विचारतात आणि मशीनच्या आवाजात काय ऐकू येतंय. टेप स्वतःची न्या, त्यांच्या टेपचं टोक इतकं झिजलंय की सूतभर इकडंतिकडं होतंयच. पण काप सरळ येतो, गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार लावून बघितला मी, आणि तिरपे काप सुद्धा खूण करून दिली की बरोबर त्या रेषेवर. बाहेर सुताराकडं एवढ्याशा कामाला कोण उभं करून घेत नाही हो, "ठेवून जावा, बघतो" म्हणतात आणि दिवाळी येते. इथं उभ्या उभ्या करून देतात.

आता मापं, कारण लोक तीच विचारतात. तळाला दहा इंची दोन फळ्या शेजारी शेजारी, मध्ये पाव इंच फट ठेवून. ही फट पाण्यासाठी, आणि बाजरी त्यातनं गळू नये म्हणून वरनं जुन्या पिठाच्या चाळणीची जाळी कापून ठोकायची, आमच्या घरी फाटकी चाळण माळ्यावर होतीच, तुमच्याही असणार. दोन्ही बाजूंच्या भिंतींना नऊ इंची दोन दोन फळ्या उभ्या जोडून. त्यांचा वरचा भाग तिरपा, मधोमध उंची नऊ आणि कडेला सहा. वर दुपाखी छप्पर, एका पाखीला चौदा इंची दोन फळ्या. गणित सोपं आहे, भिंतीची निम्मी रुंदी चार, चढ तीन, म्हणजे तिरपी लांबी पाच, आणि दोन फळ्यांची रुंदी आठ, तर तीन इंचांची वळचण आपोआप बाहेर येते. ही वळचणच सगळ्यात महत्त्वाची, आपल्याकडं मे महिन्यात वळीव येतो तो काय सरळ पडत नाही, आडवा झोडपतो, आणि दाणे एकदा भिजून उन्हात कोंदटले की बुरशी येते, त्या बुरशीचं विष पाखरांना मारतंय. त्यापेक्षा फीडर नसलेला परवडला.

स्क्रू दीड इंची, आणि प्रत्येक स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडायचंच, पाइन टोकाला लगेच चिरतंय. फेविकॉल लावा न लावा, मी नाही लावला कारण पुढंमागं एखादी फळी कुजली तर तेवढीच खोलून बदलता येते.

छपराची एक पाखी उघडझाप करणारी ठेवायची, दाणे टाकायला आणि मुख्य म्हणजे धुवायला. बिजागरी विकत आणायची गरज नाही, सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी माथ्यावरनं दोन्ही पाख्यांना चुका म्हणजे बारीक खिळे मारून बसवली की बिजागरी पण झाली आणि माथ्याची फट पण झाकली, एक थेंब आत येत नाही. उन्हानं कधीतरी ती तडकणार, पंक्चरवाल्याकडं ट्यूबचा ढीग असतोय, बदलायची. काहीजण तेलाच्या डब्याचा पत्रा छपराला ठोकतात, नुसता पत्रा नका ठोकू, एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन माहीत आहे ना, आत तवा होतोय. खाली फळी आणि वर पत्रा असेल तर चालेल.

समोरच्या आणि मागच्या मोकळ्या जागेला खाली एक पट्टी, वर एक पट्टी, सफरचंदाच्या पेटीची, आणि त्यावर बांबूच्या कामट्या उभ्या, दोन कामट्यांत दीड इंच अंतर. कामटीला पण आधी बारीक भोक, नाहीतर चूक मारताच उभी फाटते. बांबूला पैसे घालू नका, तासगाव मिरज कुठंही द्राक्षबाग काढलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडं मोडके बांबू पडलेले असतात. लटकवायची तार पण तिथलीच, मांडवाची जुनी जीआय तार, गंजत नाही आणि वाकवायला पक्कड लागते एवढी कडक. तारेला मध्यावर थोडं ग्रीस चोपडलं की मुंग्या पण उतरत नाहीत.

ही कामट्यांची जाळी पारव्यांसाठी. चिमणी दीड इंचातनं आरामात आत शिरते, पारव्याचं डोकं जातंय पण अंग नाही. बसायला बाहेर काठी लावायचा मोह होतोय, सगळ्या फोटोंत असते ती, पण लावू नका, काठी लावली की पारवा त्यावर ठाण मांडून बसतोय आणि चिमण्यांना जवळ येऊ देत नाही. चिमणी कामटीला धरून लटकते, तिला काठीचं काही अडलेलं नाही. हट्टाला पेटून एवढं सगळं का, तर पारवे एकदा लागले की गॅलरीची काय अवस्था होते ते ज्यांच्या वरच्या मजल्यावर एसी आहे त्यांना विचारा. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरनं दादरला केवढं रामायण झालं, हायकोर्टापर्यंत गेलं, ते सगळं त्या विष्ठेनं फुप्फुसाला होणाऱ्या त्रासावरनंच. चिमण्यांच्या नावानं आपण पारवे पोसायचे याला काय अर्थ आहे.

रंग देऊ नका. आतनं काहीच नाही, बाहेरनं जवसाचं कच्चं तेल. हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड म्हणून मिळतंय ते नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे ड्रायर घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला आठवडाभर तरी घेतंय, घेऊ दे. आणि तेल लावलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते, दोरीवर पसरून वाळवायची मग कचऱ्यात. हे मामांनी सांगितलं नाही बरं का, सांगायला पाहिजे होतं, तेल तेच विकतात.

आणि आता ते तयार फीडर. ३५० रुपये. आमच्या जाऊबाईंनी घेतला, मी लाकूड निवडत होते तेवढ्यात पैसे देऊन मोकळ्या, कारण दिसायला गोंडस, लाल छप्पर, पिवळी भिंत, पुढं एक फूल काढलेलं. तो पाइनचा नाहीच, एमडीएफचा आहे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबून केलेला बोर्ड, कापलेल्या कडा बघितल्या की कळतंय. एवढं चांगलं लाकूड शेडभर पडलेलं असताना दारात एमडीएफ विकायचं हे मला तरी झेपलं नाही. छप्पर सपाट, वळचण शून्य, तळाला एक भोक नाही, चारी बाजू सताड उघड्या आणि पुढं काठी. पहिल्याच वळवात तळ फुगला, कडा पोह्यासारख्या सुटायला लागल्या, रंगाचे पापुद्रे दाण्यात. आणि पाऊस यायच्या आधी जेवढे दिवस टांगलेला होता तेवढे दिवस त्यावर फक्त पारवेच. जाऊबाई परत घेऊन गेल्या तर "पाण्यात भिजवायचा नसतोय तो" असं उत्तर. बाहेर टांगायची वस्तू आणि भिजवायची नाही! बदलून दिला नाही, पैसेही नाहीत. मामा तिथं नव्हते, त्यांचा भाचा होता, पण दुकान तर त्यांचंच. हे फीडर त्यांच्याकडं बाहेरनं विकायला येतात म्हणे, मग निदान विकताना सांगा तरी.

माझा फीडर गेल्या उन्हाळ्यापासून विश्रामबागला आमच्या अंगणात आंब्याला आहे. सुरुवातीला कोण फिरकलंच नाही, दाणे तसेच, नवरा रोज विचारायचा गिऱ्हाईक आलं का. नवीन वस्तूला पाखरं बिचकतात, जागा बदलत बसू नका, थांबा. मग एक चिमणा आला, आत न शिरता छपरावरच चिवचिवून गेला, आणि त्यानंतर थवाच. आता सकाळी आठपर्यंत नुसता कालवा असतोय. साळुंकी डोकं घालून बघते, जमत नाही म्हटल्यावर खाली सांडलेलं वेचते. होले पण खालीच. बुलबुल दाण्याकडं ढुंकून बघत नाही, त्याला पिकलेल्या पपईची फोड वेगळी ठेवली तर येतोय. खारीनं एक कामटी कुरतडली आहे, तिच्यावर माझ्याकडं इलाज नाही. फांदी निवडताना खालनं मांजराला उडी मारता येणार नाही आणि खिडकीची काच थेट समोर नाही एवढं बघितलं होतं, ते कामाला आलं.

दाणे म्हणजे बाजरी, तांदळाची कणी, राळं मिळालं तर राळं. एका वेळी मूठ दोन मुठी, संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच. सासूबाई प्रेमानं भडंग टाकायच्या, ते बंद केलं, सांगलीकरांचा जीव भडंगात हे कबूल पण मीठ पाखरांना सोसत नाही, फरसाण शेव तेच, पावानं नुसतं पोट भरतंय. आठवड्यातनं एकदा छप्पर उघडून सगळं झाडायचं, गरम पाण्यानं घासायचं आणि उन्हात खडखडीत वाळवून मगच परत भरायचं, घाणेरड्या फीडरवर एक आजारी पाखरू आलं की सगळ्यांना लागण. पिल्लांच्या दिवसात चिमण्या फीडरवर कमी दिसल्या तर काळजी करू नका, पिल्लांना त्या किडे अळ्या भरवतात, दाणे नाही, म्हणून झाडांवर औषध मारणं तेवढं टाळा.

वखारीचं बाकी थोडकं. बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतात. यूपीआय चालतंय. भुसा इतका उडतोय की दम्याचा त्रास असेल तर मास्क लावूनच जावा, लहान पोरांना तर नेऊच नका, मशीनला गार्ड नाही आणि खिळे सगळीकडं पडलेले असतात, चप्पल नको, बूट घाला. गाडी बाहेर लावायची तर ट्रक वळतात तिथं, जरा पुढं नेऊन लावा. बाईमाणूस एकटी गेली तर पहिल्यांदा मिस्त्रीचं विचारणार, दुसऱ्यांदा नाही विचारत, आता तर मला बघितलं की पोरगा आधीच एचटीचं पॅलेट बाजूला काढून ठेवतोय.

पाचात चार. एक कापला तो त्या एमडीएफच्या फीडरचा, ते दारातनं काढले की मी लगेच पाच करते. दुपारी जेवणाच्या वेळेत मशीन बंद असतंय आणि सोमवारी वखारच बंद, तेवढं बघून जावा.